गारफिल्डचे कॅडेट्स : ९० वर्षांचा ड्रम कोअर आणि त्याचा शेवट

गार्डनस्टेटकर :

न्यू जर्सीत बर्गन काउंटीत गारफिल्ड म्हणून एक छोटं गाव आहे, पासेइक नदीच्या काठाला. एकेकाळी तिथे लोकरीच्या गिरण्या होत्या आणि त्यात राबणारी पोलिश, इटालियन कुटुंबं. आपल्यातले बरेच जण त्या गावाजवळून रोज ऑफिसला जातात आणि गावाकडे ढुंकूनही बघत नाहीत, मीही त्यातलाच होतो. मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन (ट्रम्पेटच्या जातीचं पितळी वाद्य) वाजवायला लागली आणि तिच्यामुळे हा नाद मला लागला, तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या मैदानी संगीताचा अर्धा इतिहास या गावातून गेलाय.

झालं असं की १९३४ साली, म्हणजे ऐन मंदीत, तिथल्या होली नेम चर्चने पॅरिशमधल्या (चर्चच्या वस्तीतल्या) पोरांचा एक ड्रम अँड बिगुल कोअर, म्हणजे ड्रम आणि बिगुल वाजवणारं पथक, काढला. होली नेम कॅडेट्स. तेव्हा असे कोअर गावोगाव होते. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटना, म्हणजे अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू (व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स), त्यांना बिगुल-ड्रमची आवड आणि जुनी वाद्यंही त्यांच्याकडे पडलेली, त्यामुळे ते असले कोअर चालवायचे, स्पर्धा भरवायचे, शिवाय चर्च आणि स्काउटवालेही होते. पोरं रस्त्यावर उनाडक्या करण्यापेक्षा वाजवतील, शिस्त लागेल, एवढाच उद्देश. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आज कुणाला आठवत नाहीत. पण हे गारफिल्डवाले टिकले, चाळीसच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा मारायला लागले, पुढे चर्चपासून वेगळे होऊन गारफिल्ड कॅडेट्स झाले, मग कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी, मग नुसतेच कॅडेट्स. मरून कोट, क्रीम पँट, डोक्यावर उंच टोपी, एकदम मिलिटरी अकॅडमीचा थाट.

ज्यांना ड्रम कोअर हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात फक्त ब्रास (पितळी फुंकवाद्यं), पर्कशन (ड्रम वगैरे) आणि कलर गार्ड (झेंडे, लाकडी रायफली, तलवारी उडवणारे). क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी काही नाही. वयाची मर्यादा २१-२२, त्यानंतर बाहेर. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एक शो, सगळं पाठ, एकाच्याही हातात कागद नाही, आणि तो एकच शो अख्खा उन्हाळा देशभर फिरत रोज घासायचा. ऑगस्टमध्ये फायनल.

पुढचं लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

शंकासुर :

म्हणजे १५ ऑगस्टच्या संचलनासारखं ना? त्यात स्पर्धा कसली करणार, सगळे एका रांगेत चालतात की नाही एवढंच बघायचं.

टेक्सासची_मावशी :

शंकासुर, एकदा बघा आणि मग बोला 😀 आमच्याकडे सॅन अँटोनियोला जुलैत अलामोडोममध्ये मोठी स्पर्धा असते, दिवसभर एकामागून एक कोअर. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही म्हटलं संचलन असेल. दीडशे पोरं धावत धावत वाजवतात हो, आणि धावताना सूर हलत नाही. उलटं धावतानासुद्धा. मला दोन जिने चढून फोनवर बोलता येत नाही.

गार्डनस्टेटकर, वाचतेय, लवकर लिहा.

गार्डनस्टेटकर :

शंकासुर यांचा प्रश्न चेष्टेचा असला तरी आहे मुद्द्याचा, कारण साधारण १९७० पर्यंत ते खरंच तसंच होतं. सरळ रांगा, मैदानाच्या एका टोकाकडून आत यायचं, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूला सारखी आकृती. परीक्षक हातात क्लिपबोर्ड घेऊन मैदानात पोरांच्या मधे फिरायचे आणि चूक दिसली की एक टिक, म्हणजे ०.१ गुण कट. १०० पासून खाली उतरत जायचं. आता अशा पद्धतीत नवं काही करायची हिंमत कोण करणार? जितकं अवघड कराल तितके टिक. सोपं करा, स्वच्छ करा, जिंका.

शिवाय स्पर्धा भरवणारे लीजन आणि व्हीएफडब्ल्यूवाले. तिकिटं ते विकणार, नियम ते करणार, आणि जे कोअर हजार मैल बस पळवत यायचे त्यांच्या हातात चिल्लर. १९७१ साली याला कंटाळून मिडवेस्ट आणि पश्चिमेकडच्या काही मोठ्या कोअरनी (कॅव्हलिअर्स, मॅडिसन स्काउट्स, ब्लू स्टार्स, ट्रूपर्स आणि कॅलिफोर्नियाचे सँटा क्लारा व्हॅनगार्ड) एकत्र येऊन सांगितलं की आम्ही सगळे बरोबर येणार, आमचे पैसे ठरवून द्या, नाहीतर येत नाही. पूर्वेकडे तसाच एक गट झाला, त्यात आपले गारफिल्डवाले होते. या दोन्हीतून ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, उभी राहिली. एका अर्थी वाजवणाऱ्यांनीच आयोजकांकडून स्पर्धा काढून घेतली. पहिली फायनल ऑगस्ट १९७२, विस्कॉन्सिनमधलं व्हाइटवॉटर, आणि जिंकले अनाहाइम किंग्समेन. पुढची दहा वर्षं विजेतेपद एकदाही पूर्वेकडे आलं नाही. सँटा क्लारा, ब्लू डेव्हिल्स, सँटा क्लारा, ब्लू डेव्हिल्स, मधे एकदा मॅडिसन. गारफिल्डचे त्या काळात असून नसल्यासारखे.

आणि मग १९८३.

निवृत्त_मास्तर :

फार छान चाललंय. मी ३० वर्षं शाळेत पीटी आणि बँड दोन्ही सांभाळले, त्यामुळे क्लिपबोर्डवाला परीक्षक डोळ्यासमोर आला. एक विचारतो, बिगुलला तर बटणं नसतात, त्यावर चार-पाचच सूर निघतात. मग हे लोक गाणी कशी बसवायचे?

गार्डनस्टेटकर :

मास्तर, अगदी बरोबर. सुरुवातीला जी सुरातले साधे बिगुल, एकही व्हॉल्व्ह नाही. मग एक व्हॉल्व्ह आला, मग दोन, आणि तिसऱ्याला परवानगी मिळायला १९९० उजाडलं! तोपर्यंत दोन व्हॉल्व्हवर बर्नस्टाइन आणि कोपलंड (दोघेही अमेरिकन संगीतकार) वाजवलाय या पोरांनी. जे सूर त्या वाद्यात नाहीतच ते दुसऱ्या आकाराच्या बिगुलकडून घ्यायचे, एकच सुरावट दोघा-तिघांत वाटून, असले उद्योग अरेंजर करायचे. २००० पासून कुठल्याही सुरातलं ब्रास चालतं, म्हणजे नेहमीचे ट्रम्पेट वगैरे. जुने लोक अजून सांगतात की जी बिगुलचा आवाज छातीवर आदळायचा तसा आता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मला तरी फरक जाणवतो, पण मैदानात बसून ऐकलेलं नाही त्यामुळे जास्त बोलत नाही.

तर १९८३. कॅडेट्सकडे जॉर्ज झिंगाली नावाचा माणूस ड्रिल बसवत होता. ड्रिल म्हणजे कोण कधी कुठे उभा राहणार, कुठून कुठे जाणार याचा नकाशा. त्याआधी तो बॉस्टनजवळच्या २७थ लान्सर्सकडे होता, मूळ कलर गार्डमधला, म्हणजे कवायतीपेक्षा नाचाच्या जवळचा. त्याने पहिलं काय केलं तर मधली रेषा विसरला. डावीकडे दिसतं ते उजवीकडे दिसलंच पाहिजे हे कुणी सांगितलं? आकृत्या वितळत जातात, एक वळण मैदानभर सरकत जातं आणि त्याच्या पोटातून दुसरंच काहीतरी बाहेर पडतं, आणि हे सगळं नेहमीच्या दुप्पट वेगात. आधीच्या वर्षांचे व्हिडिओ बघून लगेच १९८३ चा लावला तर मधे वीस वर्षं गेल्यासारखी वाटतात. मायामीत फायनल झाली आणि डीसीआयचं विजेतेपद पहिल्यांदा पूर्वेकडच्या कोअरला मिळालं. आणि गंमत म्हणजे टिक पद्धतीचं ते शेवटचं वर्ष. म्हणजे चुका मोजणाऱ्या पद्धतीतसुद्धा सगळ्यात धाडसी शो जिंकला, दुसऱ्या वर्षीपासून गुण कापण्याऐवजी गुण देणं सुरू झालं.

१९८४ ला अटलांटात वेस्ट साइड स्टोरीचं संगीत, ९८.० गुण आणि परत विजेते. १९८५ ला मॅडिसन शहरातल्या फायनलला परत. सलग तीन, डीसीआयमध्ये हे आधी कुणी केलं नव्हतं. १९८७ ला कोपलंडचं अपलाचियन स्प्रिंग घेऊन चौथं. झिंगाली १९९२ मध्ये गेला, पण आज शाळेच्या बँडमध्ये माझी मुलगी जे ड्रिल करते त्यात त्याच्या खुणा आहेत, तिला आणि तिच्या सरांना त्याचं नाव माहीत असो नसो.

ताशावाली :

काका, मस्त लिहिताय!! मी पुण्यात शाळेत असल्यापासून पथकात आहे, आधी ध्वज मग ताशा. वाचताना सारखं आमचंच आठवत होतं. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, गरवारे अशी शाळांची पथकं होती तेव्हा सरावाला वेळेवर नाही आलं तर बाहेर, चपला रांगेत, ढोल जमिनीवर आपटला तर पूर्ण पथकाला शिक्षा. नंतर गल्लोगल्ली पथकं झाली आणि ते सगळं सैल झालं असं जुने लोक म्हणतात, पण जुने लोक सगळीकडे तेच म्हणतात वाटतं 😛

एक सांगा, यात पोरांना पैसे मिळतात का?

गार्डनस्टेटकर :

ताशावाली, मिळत नाहीत, उलट भरावे लागतात. हजारो डॉलर्स एका उन्हाळ्याचे. हिवाळ्यात ऑडिशन, महिन्यातून एकदा शनिवार-रविवारचा कॅम्प, मे मध्ये कॉलेज संपलं की मुक्कामी कॅम्प, सकाळी नाश्त्यापासून रात्रीपर्यंत सराव. मग टूर. रात्री शो, मग बसमध्ये झोप, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जमिनीवर गादी टाकून उरलेली झोप, उठून परत मैदानात. जेवणाचा ट्रक बरोबर असतो, त्यात पालक फुकट राबतात.

टेक्सासची_मावशी :

त्या ट्रकमध्ये मी राबलेय एका आठवड्यासाठी, शेजारणीच्या मुलाच्या कोअरबरोबर. दिवसाला चार जेवणं, प्रत्येक वेळी दीडशे-दोनशे ताटं. पोरं एवढी जळलेली उन्हानं आणि तरी 'थँक यू मॅम' म्हटल्याशिवाय ताट उचलत नाहीत. मी एक दिवस खिचडी करू का विचारलं तर मुख्य बाई नको म्हणाल्या, नंतर उरलेल्या भाताला मीच गुपचूप फोडणी दिली आणि ती पहिली संपली.

शंकासुर :

फोडणीवर वेगळा धागा काढा 😂

बरं एक मात्र मान्य, मी १९८३ आणि १९८७ दोन्ही बघून आलो यूट्यूबवर. संचलन नाहीये. पण जज लोक ०.०५ नी एकाला वर एकाला खाली करतात हे मला झेपत नाही, संगीताला दशांश चिन्हात कसं मोजणार?

गार्डनस्टेटकर :

शंकासुर, १९९३ चं सांगतो मग. ती फायनल जॅक्सन, मिसिसिपीत झाली. कॅडेट्स विरुद्ध स्टार ऑफ इंडियाना. हे स्टारवाले म्हणजे ब्लूमिंग्टनच्या बिल कुक या उद्योगपतीने १९८५ च्या सीझनसाठी नवा कोरा उभा केलेला कोअर, पहिल्याच वर्षी फायनलमध्ये, १९९१ ला विजेते. बाकीचे कोअर बिंगो चालवून आणि गाड्या धुवून पैसे जमवणार आणि यांच्या बस चकचकीत, त्यामुळे लोकांचा राग आधीच. त्यात १९९३ ला त्यांनी बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांचं संगीत घेऊन असा काही कोरडा, टोकदार, अंगावर येणारा शो केला की स्टेडियममध्ये काही लोक चक्क हुर्यो करायचे. निकाल: कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३.

०.१. एक टिक.

मी कॅडेट्सचा असूनही म्हणतो की आज त्या वर्षातलं काय बघायचं असं कुणी विचारलं तर मी स्टारचा शो दाखवीन. कॅडेट्सचा सुंदर आहे, पण तो त्या काळातला सुंदर आहे. स्टारचा शो अजूनही कालच केल्यासारखा दिसतो. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली, कॅनेडियन ब्रास या वादकांच्या गटाबरोबर दौरे केले, आणि त्यातून पुढे ब्लास्ट नावाचा स्टेज शो झाला जो ब्रॉडवेवर गेला आणि २००१ ला टोनी (ब्रॉडवेचा नाट्यपुरस्कार) घेऊन आला. तेव्हा दशांशावर तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण पोरांना आकडा लागतो हो.

बरोबरी पण होते. २००० साली कॅडेट्स आणि कॅव्हलिअर्स दोघेही ९७.६५ आणि दोघेही विजेते. २००५ ला फॉक्सबरोत कॅडेट्सना ९९.१५. दहावं आणि शेवटचं २०११, इंडियानापोलिस. तोवर मुक्काम पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनला गेलेला.

मधे एक काळ असा आला की त्यांचे स्वतःचे चाहतेच वैतागले. २००४ मध्ये माइक-स्पीकरला परवानगी मिळाली (त्यासाठी सगळ्यात जास्त आग्रह कॅडेट्सच्या संचालकांचाच) आणि मग २००६, २००७ ला शोमध्ये सतत कुणीतरी माइकवर बोलतंय. पोरं जीव तोडून वाजवतायत आणि वरून निवेदन चालू. मला ते दोन्ही शो आवडत नाहीत. म्यूट करून बघितले तर ड्रिल भारी आहे.

निवृत्त_मास्तर :

शीर्षकात शेवट लिहिला आहे तुम्ही. एवढी जिंकणारी संस्था बंद का पडली? पैशामुळे?

गार्डनस्टेटकर :

मास्तर, तिथवर यायचंच होतं, लिहायला जड जातंय म्हणून फिरत होतो.

१९८० च्या दशकापासून एकच संचालक होते. सगळी दहा विजेतेपदं त्यांच्या काळातली किंवा त्यांच्या हाताखालची. नाव मुद्दाम लिहीत नाही, शोधलंत तर सापडेल. कोअर, त्याची मातृसंस्था, शाळांच्या बँडच्या स्पर्धा, सगळं त्यांच्या भोवती. डीसीआयच्या नियमांतसुद्धा त्यांचा शब्द चालायचा. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फिया इन्क्वायररने बातमी छापली, नऊ महिलांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते, त्यात आधी कोअरमध्ये वाजवलेल्या आणि संस्थेत काम केलेल्या होत्या, आणि घटना काही दशकांमध्ये पसरलेल्या. त्यांनी आरोप नाकारले आणि राजीनामा दिला. संचालक मंडळ बदललं, कोअर मातृसंस्थेपासून वेगळा झाला, डीसीआयने सगळ्यांसाठीच सुरक्षेचे नियम कडक केले. पोरं त्या उन्हाळ्यात तरीही मैदानात उतरली. पुढे मुक्काम एरीला हलवला.

दरम्यान न्यू जर्सीने २०१९ मध्ये कायदा करून जुन्या लैंगिक अत्याचारांबद्दल दिवाणी दावा करायची मुदत वाढवली, आणि १९८० च्या दशकातल्या एका प्रकरणावरून कोअरवर दावा लागला. कोर्टकचेरीचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि काम थांबवलं. बरोब्बर नव्वदावं वर्ष.

उडता_पतंग :

हे मात्र अन्यायाचं झालं. ज्याने केलं तो एक, आणि शिक्षा कुणाला तर २०२४ ला वाजवायला आलेल्या १९-२० वर्षांच्या पोरांना, ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता. संस्था वाचवायला हवी होती काहीही करून. नव्वद वर्षं म्हणजे काय खेळ आहे?

ताशावाली :

उडता_पतंग, सॉरी पण नाही पटलं. त्या पोरांचं वाईट झालं हे खरंच आहे, एक उन्हाळा गेला, वय संपलं त्यांचं तर परत संधीच नाही. पण मग दावा लावणाऱ्या त्या बाईने कुठे जायचं होतं? चाळीस वर्षं गप्प बसली कारण सगळे म्हणणार की संस्थेचं नाव खराब होईल. आता तुम्हीही तेच म्हणताय, फक्त छान शब्दात. आणि 'तो एक' कधीच नसतो. एवढी वर्षं आजूबाजूला माणसं होती की.

उडता_पतंग :

मी तसं म्हटलं नाही. तिला न्याय मिळू नये असं कुठे लिहिलंय? संस्था वेगळी आणि माणूस वेगळा एवढंच.

गार्डनस्टेटकर :

पतंगराव, माझ्या मते गोची तिथेच आहे. या कोअरमध्ये संस्था आणि माणूस वेगळे राहू दिलेच नव्हते. सगळे जिंकत होते तोवर 'ते आहेत म्हणून कोअर आहे' असं लोक अभिमानाने म्हणायचे, मग संकटात ते वेगळे कसे काढणार? १९७१ ला हेच कोअर लीजनच्या आयोजकांना प्रश्न विचारायला उभे राहिले होते, आणि स्वतःच्या घरात विचारायला कुणी नाही. हरून संपले असते तर मला एवढं लागलं नसतं. सत्तरच्या दशकात हरतच होते की, तेव्हा नाही संपले.

ताशावालीशी सहमत आहे, आणि तरी जुने व्हिडिओ बघणं सोडू शकत नाही. दोन्ही खरं आहे.

निवृत्त_मास्तर :

शाळेत आम्ही एक नियम पाळायचो, स्नेहसंमेलनाच्या किंवा बँडच्या सरावाला मुली थांबल्या तर एक शिक्षिका हवीच, आणि ती बँडशी संबंधित नसलेली. काही जण कुरकुरायचे, अविश्वास दाखवता म्हणून. असो. आता कोण पुढे आहे या स्पर्धेत?

गार्डनस्टेटकर :

मास्तर, आकड्यात बघितलं तर कॅलिफोर्नियातल्या काँकर्डचे ब्लू डेव्हिल्स, २०२५ अखेर २१ विजेतेपदं, २०१४ ला ९९.६५ म्हणजे आजवरचा सगळ्यात वरचा स्कोअर. २०२४ ब्लूकोट्स. आणि २०२५ ला बॉस्टन क्रुसेडर्स, ज्यांची स्थापना १९४० ची आणि डीसीआयचं पहिलं विजेतेपद तेव्हा. पूर्वेकडच्या त्या जुन्या गटात तेही गारफिल्डबरोबर होते. ८५ वर्षं थांबलेत ते लोक.

टेक्सासची_मावशी :

हे सगळं वाचून एक कामाचं विचारते. भाचा यंदा कॉलेजला गेलाय, बॅरिटोन (जरा मोठं पितळी वाद्य) वाजवतो, आणि हिवाळ्यात ऑडिशन द्यायचं म्हणतोय. आई घाबरलीये. कुठला कोअर चांगला हे कसं ठरवायचं?

गार्डनस्टेटकर :

मावशी, पहिलं ऑनलाइन व्हिडिओ ऑडिशन बऱ्याच ठिकाणी असतं, ते दोन-तीन ठिकाणी देऊ दे. फायनलला जाणाऱ्या पहिल्या बारा कोअरमध्ये बसेल का याची फार चिंता नको, तुलनेने छोट्या कोअरमध्ये शिकवण्याकडे जास्त लक्ष असतं. फी हप्त्यात भरता येते का विचारा, आणि आजारी पडून परत यावं लागलं तर काय, ते लेखी घ्या.

ताशावाली :

आणि मावशी, तक्रार कुणाकडे करायची ते विचारा. उत्तरात जर संचालकांचाच नंबर दिला तर दुसरा कोअर बघा.

टेक्सासची_मावशी :

लिहून घेतलं दोन्ही. त्याच्या आईला हा धागा पाठवतेय, फक्त फोडणीच्या भाताचं वाचून ती मलाच ट्रकवर पाठवेल.